टनामागे पाच सेंट : एका तहहयात वचनाचा इतिहास



आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून काहींच्या मनात आले असेल की, अमेरिकेतल्या म्हाताऱ्या खाणकामगारांच्या औषधपाण्याची हकीकत आपण इथे बसून कशासाठी ऐकावयाची? शंका रास्त आहे. परंतु अशा व्याख्यानमालांना नेमाने येऊन पुढच्या रांगा धरणाऱ्यांत पेन्शनर मंडळी पुष्कळ असतात, आणि पेन्शनरांस एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागत नाही. दरमहाचे पेन्शन वेगळे आणि आजारपणाचा खर्च वेगळा. पेन्शनचा आकडा ठरलेला असतो. आजारपणाचा आकडा कोणीच ठरवलेला नसतो. म्हणूनच नोकरी संपल्यावर कामगाराच्या औषधोपचाराचा भार धंद्याने उचलावयाचा की नाही, आणि एकदा उचललेला भार मध्येच खाली ठेवता येतो की नाही, हा प्रश्न म्हातारपणाच्या मुळाशी जाऊन भिडतो.

ह्या प्रश्नाची नुसती तात्त्विक चर्चा मी करणार नाही. अमेरिकेतील दगडी कोळशाच्या धंद्यात १९४६ पासून आजवर हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर तीनदा उभा राहिला, आणि तिन्ही वेळा त्याचे उत्तर निराळे मिळाले. ती तीन प्रकरणे आपण क्रमाने पाहू. माझा मुद्दा एवढाच आहे की, निवृत्ताला मिळणारा औषधोपचार हे दान आहे की देणे आहे, ह्याचा निर्णय तो देताना कोणी करीत नाही; तो बंद होतो तेव्हाच करावा लागतो.

कंपनीचा डॉक्टर

प्रथम ह्या मुलखाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. अमेरिकेच्या पूर्व भागात अॅपलेशियन नावाची डोंगररांग आहे. पेनसिल्व्हेनिया, वेस्ट व्हर्जिनिया, केंटकीचा पूर्व भाग आणि व्हर्जिनियाचा नैर्ऋत्य कोपरा एवढा प्रदेश ह्या डोंगरांनी व्यापलेला आहे, आणि त्यांच्या पोटात दगडी कोळशाचे थर आहेत. दऱ्याखोऱ्यांतून वसलेली खाणकामगारांची गावे बहुधा कंपनीचीच असत. घर कंपनीचे, दुकान कंपनीचे आणि डॉक्टरही कंपनीचा. डॉक्टरसाठी दरमहा पगारातून ठराविक रक्कम कापून घेतली जाई. परंतु डॉक्टर कोण असावा हे मात्र कंपनी ठरवी. छत कोसळून एखाद्याचा पाय मोडला, तर तो पाय कितपत अधू झाला आणि त्याबद्दल किती भरपाई द्यावयाची, ह्याविषयीही ह्याच डॉक्टरचा शब्द वजनदार ठरे. पैसा कामगाराचा आणि इमान कंपनीशी, असा हा मामला होता.

दुसरे महायुद्ध संपल्यावर खाणकामगारांच्या संघटनेने, म्हणजे युनायटेड माइन वर्कर्सने, ह्या व्यवस्थेला हात घातला. जॉन एल. लुइस हे तिचे अध्यक्ष. १ एप्रिल १९४६ रोजी सुमारे चार लाख कामगार संपावर गेले. त्यांच्या मागण्यांत मजुरीबरोबरच आरोग्य व कल्याण निधीची मागणी अग्रभागी होती, आणि मालक नेमके तेच मान्य करीत नव्हते. त्या काळी आगगाड्या, पोलादाचे कारखाने आणि घरांतल्या शेगड्या कोळशावर चालत. संप लांबला तसे देशाचे व्यवहार ठप्प होऊ लागले, तेव्हा २१ मे रोजी अध्यक्ष ट्रुमन ह्यांनी खाणी सरकारच्या ताब्यात घेण्याचा हुकूम काढला. आता मालकाच्या जागी सरकार आले. २९ मे रोजी व्हाइट हाउसमध्ये अंतर्गत कारभाराचे मंत्री ज्युलियस क्रुग आणि लुइस ह्यांनी करारावर सह्या केल्या.

ह्या करारातील मुख्य कलम असे होते की, खाणीतून निघणाऱ्या दर टन कोळशामागे पाच सेंट एका कल्याण व निवृत्ति निधीत जमा व्हावेत. त्याच कराराप्रमाणे खाणगावांच्या आरोग्याची सरकारी पाहणी करविण्यात आली. तिचे प्रमुख नौदलाचे रिअर अॅडमिरल जोएल बून हे होते. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात निकृष्ट घरे, अपुरी सांडपाण्याची सोय, सामान्य प्रतीची इस्पितळे आणि कौशल्यापेक्षा कंपनीच्या मर्जीवर नेमलेले डॉक्टर ह्यांचे वर्णन होते, आणि जोडीला छायाचित्रेही होती. वाचून विश्वास बसला नाही तर पाहून बसावा, अशी ती सोय होती.

सौदा कोणता झाला?

पुढच्या काळात टनामागची ही रक्कम वाढत वाढत १९५२ पर्यंत चाळीस सेंटांवर गेली. निधीचा कारभार जोझेफीन रोश ह्या कर्तबगार बाईंच्या हाती होता. खाणीत पाठीचा कणा मोडून वर्षानुवर्षे अंधाऱ्या खोलीत पडून राहिलेल्या कामगारांना निधीच्या माणसांनी शोधून काढले आणि दूरच्या शहरांतील पुनर्वसनकेंद्रांत नेऊन पोचविले. १९५५-५६ मध्ये केंटकी, व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनिया ह्या तीन राज्यांत निधीने स्वतःची दहा रुग्णालये उघडली. निधीचे कार्ड खिशात असले की, कामगाराला, त्याच्या बायकोमुलांना, आणि निवृत्त झाल्यावरही, बिलाची चिंता न करता उपचार मिळत. तहहयात मिळतील, असे प्रत्येकजण समजून चालला. संघटनेच्या सभांतून तसेच सांगितले जाई आणि मालकांनीही वर्षानुवर्षे ते खोडून काढले नाही.

हे सर्व फुकट मिळाले काय? ह्या प्रश्नाचे उत्तर नीट ध्यानात ठेवले पाहिजे, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच आहे. १९५० नंतर लुइस ह्यांनी मालकांशी जो समझोता केला, त्यात संघटनेने खाणीतील यंत्रांना विरोध केला नाही. चांगली मजुरी आणि निधीचा पैसा मिळावा, त्याच्या मोबदल्यात मालकांनी हवी तेवढी यंत्रे आणावीत, असे त्याचे स्वरूप होते. यंत्रे आली आणि माणसे गेली. १९४८ साली ह्या धंद्यात चार लाखांहून अधिक माणसे कामावर होती. १९६० चे दशक संपताना ती सव्वा लाखाच्या आसपास उरली. म्हणजे बापाने आपल्या म्हातारपणाच्या औषधासाठी मुलाची खाणीतली नोकरी मोजली. ज्या वस्तूची एवढी किंमत दिली तिला दान म्हणणे कठीण आहे.

पहिले प्रकरण : कार्ड परत घेतले गेले

परंतु ह्या सौद्यात एक मोठी चूक होती, आणि ती मालकांइतकीच संघटनेचीही होती. निधीचे उत्पन्न टनांवर अवलंबून होते आणि खर्च माणसांवर. आगगाड्या डिझेलवर चालू लागल्या, घरे तेलावर आणि वायूवर तापू लागली. कोळशाचा खप घटला तसे टन घटले. माणसे मात्र म्हातारी होत गेली. त्यातच पुष्कळ लहान खाणमालकांनी निधीचा हप्ता भरणेच सोडून दिले.

१९६० मध्ये निधीने ठरविले की, एक वर्षाहून अधिक काळ बेकार असलेल्यांचे कार्ड रद्द करावे. १९६२ मध्ये आणखी पुढचे पाऊल पडले : ज्यांचा मालक हप्ता भरीत नाही, त्या कामगारांचीही कार्डे रद्द झाली. हप्ता मालकाने चुकवावयाचा आणि इस्पितळाचे दार कामगाराला बंद व्हावयाचे, असा हा न्याय झाला. त्याच वर्षी केंटकीतील काही रुग्णालये बंद करण्याची घोषणा झाली. पूर्व केंटकीतील हॅझर्ड ह्या गावाभोवती १९६२-६३ च्या हिवाळ्यात कामगारांच्या मोटारींचे तांडे ह्या खाणीवरून त्या खाणीवर निदर्शने करीत हिंडू लागले. ह्या कामगारांचा राग मालकांवर होता तसा आपल्या संघटनेवरही होता. शेवटी प्रेस्बिटेरियन चर्चच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या एका संस्थेने, सरकारी साहाय्य घेऊन, ही रुग्णालये चालवावयास घेतली. इमारती वाचल्या, रद्द झालेली कार्डे मात्र परत आली नाहीत.

ह्या पहिल्या प्रकरणाचे उत्तर, थोडक्यात, ‘पैसा नाही, म्हणून वचन नाही’ असे होते. आणि ते स्वकीयांनीच दिले होते, हे त्यातले विशेष दुःख.

पुरवणी म्हणजे काय?

ह्यानंतर सार्वजनिक कायद्याने मोठे वळण घेतले. ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन ह्यांनी मिसूरी राज्यातील इंडिपेन्डन्स ह्या ट्रुमन ह्यांच्या गावी जाऊन, वृद्ध ट्रुमन ह्यांच्या समक्ष, मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठी हा सरकारी आरोग्य-विमा होता. मग आता कंपनीच्या किंवा निधीच्या विम्याची गरज काय उरली, असे कोणालाही वाटेल.

गरज उरली, ती तीन कारणांनी. एक तर ह्या सरकारी विम्यात सुरुवातीपासून मोठाल्या फटी होत्या. इस्पितळात दाखल होताना पहिले चाळीस डॉलर रुग्णाने स्वतः भरावयाचे होते, आणि ही रक्कम पुढे वाढतच गेली. डॉक्टरांच्या फीचा पाचवा हिस्सा रुग्णाच्याच अंगावर पडे. घरी घ्यावयाच्या औषधांचा खर्च तर २००६ सालापर्यंत ह्या विम्यात नव्हताच. आयुष्यभर कोळशाची धूळ ओढून ज्याची फुप्फुसे काळी पडली आहेत, त्याचा खरा खर्च रोजच्या औषधांचा असतो. ह्या फटी बुजविणारा जो विमा, तो पुरवणी विमा. दुसरे म्हणजे, खाणकामगाराचे शरीर पासष्टीची वाट पाहात नाही. पंचावन्नाव्या-साठाव्या वर्षीच ज्याला काम सोडावे लागले, त्याला मधली वर्षे मेडिकेअर नाही. त्याच्यापुरती पुरवणी हीच मूळ पोथी होती. आणि तिसरे म्हणजे खाणकामगारांच्या विधवा. त्यांतल्या पुष्कळजणी वयाने लहान होत्या आणि त्यांना स्वतःच्या नावाने दुसरा कसलाच विमा नव्हता.

ह्याच सुमारास कायद्याने एक भेद केला, तो आपल्या कथेत निर्णायक ठरला. २ सप्टेंबर १९७४ रोजी निवृत्तिवेतनाच्या संरक्षणाचा मोठा कायदा अमेरिकेत झाला. ठराविक वर्षे नोकरी झाली की पेन्शनवर कामगाराचा पक्का हक्क निर्माण व्हावा, आणि कंपनी बुडाली तरी एका सरकारी महामंडळाने मर्यादेपर्यंत पेन्शन द्यावे, अशी त्यात तरतूद होती. परंतु निवृत्तांच्या आरोग्य-विम्याला हे संरक्षण त्या कायद्याने दिले नाही. पेन्शन हक्काचे झाले, औषध करारातल्या शब्दांवर सोडले गेले. करारात ‘तहहयात’ असे स्पष्ट लिहिले आहे काय, की करार संपला म्हणजे विमाही संपला, ह्यावर पुढची चाळीस वर्षे वकिलांनी कोर्टे दणाणून सोडली. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात सांगितले की, करारात स्पष्ट शब्द नसतील तर हक्क तहहयात आहे असे आपण होऊन गृहीत धरता येणार नाही. सभेत दिलेला शब्द आणि कागदावरचा शब्द ह्यांतले अंतर ते हेच.

दुसरे प्रकरण : पिट्स्टन

१९७८ च्या करारात खाणधंद्यातील व्यवस्था बदलली. जुन्या निवृत्तांसाठी, आणि ज्यांच्या कंपन्या बुडाल्या अशा निवृत्तांसाठी, सामाईक निधी राहिले; नव्या निवृत्तांचा विमा ज्याच्या त्याच्या कंपनीवर सोपविला गेला. जी कंपनी करारातून बाहेर पडे, तिचे निवृत्त करारात राहिलेल्या कंपन्यांच्या गळ्यात पडत. अशा निवृत्तांना ‘अनाथ’ म्हणण्याचा प्रघात पडला. अनाथ वाढले म्हणजे पोसणाऱ्यांचा हप्ता वाढे, आणि हप्ता वाढला म्हणजे आणखी एखादी कंपनी बाहेर पडावयास पाही. पंगतीतून एकेकाने उठून जावे आणि जेवणाचे सगळे बिल शेवटी बसून राहिलेल्याने द्यावे, तसा हा प्रकार झाला.

पिट्स्टन ही अशी बाहेर पडू पाहणारी कंपनी होती. १९८७ मध्ये ती मालकांच्या संघातून निघाली. ३१ जानेवारी १९८८ रोजी तिचा संघटनेशी असलेला करार संपला, आणि सुमारे दीड हजार निवृत्त, अपंग कामगार आणि विधवा ह्यांचा आरोग्य-विमा तिने बंद केला. कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. औषधोपचाराचा खर्च फार वेगाने वाढत होता. परदेशांतला कोळसा बाजारात स्पर्धेला होता. आणि दुसऱ्यांनी सोडून दिलेल्या अनाथांचा भार आपण का वाहावा, असा तिचा सवाल होता. हा सवाल अगदीच पोकळ नव्हता. पण तिने आपल्याच निवृत्तांना अनाथ करून ठेवले, हे त्या सवालाचे उत्तर खचित नव्हे.

संघटनेचे अध्यक्ष रिचर्ड ट्रमका हे होते. त्यांनी चौदा महिने करारावाचून काम चालू ठेवविले, आणि ५ एप्रिल १९८९ रोजी संप पुकारला. रविवारचे काम, नोकरीची शाश्वती, संघटनाबाह्य खाणींकडे जाणारे काम ही कारणेही संपाच्या मागे होती. परंतु खोऱ्याखोऱ्यांतून लोक उठले ते निवृत्तांच्या कार्डासाठी. निवृत्त माणूस संप करू शकत नाही, कारण थांबवावयाला त्याच्याजवळ काम उरलेले नसते. त्याच्यासाठी दुसऱ्या कोणीतरी काम थांबवावे लागते. इथे मुलांनी आणि पुतण्यांनी ते थांबविले.

सत्याग्रह हा शब्द आपल्या परिचयाचा आहे, म्हणून ह्या लढ्याची रीत आपल्याला पटकन कळेल. कामगार शिकाऱ्यांचे हिरवे-तपकिरी ठिपक्यांचे कपडे घालून रस्त्यावर बसत, आणि पोलीस आले की शांतपणे अटक करवून घेत. अटकांची संख्या हजारांवर गेली. १८ एप्रिलला चाळीसेक स्त्रिया व्हर्जिनियातील लेबनन गावच्या कंपनीच्या कचेरीत शिरल्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिथे ठाण मांडून बसल्या. नाव विचारले तर त्या ‘मदर जोन्सची मुलगी, क्रमांक एक’, ‘क्रमांक दोन’ असे सांगत. मदर जोन्स ही खाणकामगारांची जुनी पुढारीण १९३० मध्येच वारली होती. १७ सप्टेंबरला तर नव्याण्णव माणसांनी, त्यांत एक धर्मोपदेशकही होता, मॉस क्रमांक तीन नावाच्या कोळसा धुण्याच्या कारखान्यात शिरून तो ताब्यात घेतला, आणि कसलीही मोडतोड न करता चौथ्या दिवशी रात्री ते बाहेर पडले. सगळेच काही इतके शांतपणे झाले असे मात्र नाही. रस्त्यांवर खिळे पसरणे, मोटारींवर दगड पडणे हेही घडले. कोर्टाने संघटनेला सहा कोटी डॉलरांहून अधिक दंड ठोठावला. त्यातला फार मोठा भाग १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने टिकला नाही.

लोकमताचा कौल कुणीकडे होता, ह्याची एक गमतीदार साक्ष इतिहासात आहे. हे दंड ठोठावणाऱ्या न्यायाधीशांचे वडील वीस वर्षांच्या वर व्हर्जिनियाच्या विधिमंडळात निवडून येत होते. नोव्हेंबर १९८९ मध्ये संघटनेचे स्थानिक पुढारी जॅकी स्टम्प त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. त्यांचे नाव मतपत्रिकेवर छापलेलेही नव्हते. मतदाराने ते हाताने लिहावयाचे होते. तरीही स्टम्प मोठ्या मताधिक्याने निवडून आले.

अखेर मजूरमंत्री एलिझाबेथ डोल स्वतः त्या भागात गेल्या आणि त्यांनी अनुभवी मध्यस्थ विल्यम उसेरी ह्यांना नेमले. वर्षाच्या शेवटच्या दिवसांत तडजोड झाली आणि फेब्रुवारी १९९० मध्ये कामगारांनी ती मंजूर केली. निवृत्तांचा विमा परत मिळाला. पण डोल ह्यांच्या ध्यानात आले होते की, हे भांडण एका कंपनीचे नाही. त्यांनी एक आयोग नेमला. त्याने १९९० च्या नोव्हेंबरात आपला अहवाल दिला. त्याचे म्हणणे असे की, तहहयात औषधोपचाराची निवृत्त खाणकामगारांची अपेक्षा रास्त आहे, नोकरीत असताना त्यांना तेच सांगितले गेले होते, आणि तो शब्द पाळला गेला पाहिजे.

कायदा आणि त्याची कुंपणे

वेस्ट व्हर्जिनियाचे सीनेटर जे रॉकफेलर ह्यांच्या खटपटीने ह्या शिफारशींचा कायदा झाला आणि २४ ऑक्टोबर १९९२ रोजी अध्यक्ष बुश ह्यांनी त्यावर सही केली. निवृत्त व त्यांचे आश्रित मिळून लाखाहून अधिक माणसांना त्याचा आधार मिळाला. ज्या कंपन्या करारातून बाहेर पडल्या होत्या त्यांनाही मागे बोलावून हप्ता भरावयास लावण्यात आले.

पण ह्या ‘मागे बोलावण्या’ला मर्यादा किती? ईस्टर्न एन्टरप्रायझेस ही कंपनी १९६५ मध्येच कोळशाच्या धंद्यातून निघून गेली होती. तीस वर्षांनी हजाराहून अधिक जुन्या कामगारांचा भार तिच्यावर आला, तेव्हा ती न्यायालयात गेली. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तिला ह्या भारातून मोकळे केले. जे वचन दिले त्या वेळी आपण हजर नव्हतो, त्याचे देणे आपल्याकडून का वसूल करता, हा तिचा युक्तिवाद मान्य झाला. वचन मोडणे सोपे असते. पण मोडलेले वचन सांधताना ते नेमके कोणाकडून भरून घ्यावयाचे हे ठरविणे फार अवघड असते, एवढे ह्या निकालावरून दिसते.

जिथे असा कायदा नव्हता तिथे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. बेथलेहेम स्टील ही एकेकाळची बलाढ्य पोलाद कंपनी २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. ३१ मार्च २००३ रोजी तिने सुमारे पंचाण्णव हजार निवृत्त आणि आश्रित ह्यांचा आरोग्य-विमा बंद केला. त्यांचे पेन्शन १९७४ च्या कायद्याने नेमलेल्या महामंडळाने पुष्कळ अंशी सांभाळले. औषधोपचाराला असा कोणी वाली नव्हता. पासष्टीवरच्या माणसाला अशा वेळी बाजारातला पुरवणी विमा, प्रकृतीची चौकशी न होता, मिळण्याचा हक्क आहे; पण त्यासाठी साधारण त्रेसष्ट दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो आणि हप्ता पदरचा भरावा लागतो. पासष्टीच्या अलीकडच्यांना त्या वेळी तोही आधार नव्हता.

पोलाद आणि कोळसा हे तर मोडकळीस आलेले धंदे, असे कोणी म्हणेल. म्हणून सर्वसाधारण आकडा सांगतो. १९८८ मध्ये कामगारांना विमा देणाऱ्या मोठ्या मालकांपैकी शंभरात सहासष्ट निवृत्तांनाही विमा देत. अलीकडच्या वर्षांत हे प्रमाण पाचांत एकाच्या आसपास आले आहे. १९९० च्या हिशेबनियमांनी ह्याला वेग दिला. निवृत्तांच्या औषधोपचाराचे भावी देणे आजच वहीत दाखवावे, असे ते नियम सांगत. एकट्या जनरल मोटर्सला १९९२ च्या हिशेबात त्यापोटी वीस अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम मांडावी लागली. देणे पूर्वीही होतेच; ते डोळ्यांना दिसू लागले, आणि दिसताच मालक ते कमी करण्याच्या मागे लागले.

तिसरे प्रकरण : वारसा पुढे ढकलला

तिसरे प्रकरण आपल्या काळातले आहे. ३१ ऑक्टोबर २००७ रोजी पीबॉडी ह्या सर्वांत मोठ्या कोळसा कंपनीने आपल्या पूर्वेकडच्या खाणी पेट्रियट नावाची नवी कंपनी काढून तिच्याकडे दिल्या. खाणींबरोबर निवृत्तांच्या औषधोपचाराचे देणेही गेले. पुढच्या वर्षी पेट्रियटने घेतलेल्या आणखी एका कंपनीबरोबर आर्च ह्या दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या जुन्या कामगारांचे देणेही तिच्याकडे आले. म्हणजे ज्यांनी पेट्रियटमध्ये एक दिवसही काम केले नव्हते, अशा हजारो निवृत्तांची औषधे तिच्या खात्यावर पडली. जुलै २०१२ मध्ये ती दिवाळखोरीत गेली, आणि मे २०१३ मध्ये न्यायालयाने तिला ह्या जबाबदारीतून बाहेर पडण्याची वाट दिली. मोर्चे निघाले, निदर्शने झाली, आणि पीबॉडीने एकतीस कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. ती रक्कम काही वर्षे पुरणारी होती. २०१५ मध्ये पेट्रियट पुन्हा दिवाळखोरीत गेली.

मग पत्रे येऊ लागली : अमुक तारखेनंतर आपला विमा बंद होईल. २०१६ च्या डिसेंबरात अमेरिकन संसदेने चार महिन्यांची मुदतवाढ दिली. ऑक्सिजनवर असलेल्या माणसाला चार महिन्यांची मुदत देणे म्हणजे काय, ह्याची कल्पना आपण करावी. अखेरीस मे २०१७ मध्ये सुमारे बावीस हजार सहाशे निवृत्त खाणकामगार व आश्रित ह्यांना कायमची सोय करून देणारा कायदा झाला. १९४६ च्या करारानंतर एकाहत्तर वर्षांनी पुन्हा सरकारच पुढे आले.

आता तिन्ही प्रकरणांचा एकत्र विचार करू. पहिल्या वेळी पैसा नाही म्हणून कार्ड गेले आणि ते परत आले नाही. दुसऱ्या वेळी तरुण कामगारांनी आपल्या पगाराची होळी करून ते परत मिळवले. तिसऱ्या वेळी ते सरकारी तिजोरीतून भरून निघाले. तिन्ही वेळा एक गोष्ट समान दिसते. विमा बंद केला म्हणून खर्च बंद झाला नाही. तो फक्त एका वहीतून दुसऱ्या वहीत गेला : कधी म्हाताऱ्याच्या शिलकीवर, कधी लेकासुनेच्या संसारावर, कधी शेजारच्या कंपनीवर, कधी सर्व करदात्यांवर. आणि कधी कोणाच्याच वहीत न जाता तो न घेतलेल्या गोळ्यांच्या रूपाने त्या माणसाच्या अंगातच राहिला. त्याची नोंद कोणी ठेवीत नाही.

म्हणून पेन्शनरांनी आणि उद्या पेन्शनर होणाऱ्यांनी ह्या इतिहासातून तीन साध्या गोष्टी घ्याव्यात असे मला वाटते. शब्द मिळाला असेल तर तो कागदावर आहे की नाही, हे पाहावे. कागदावर असेल तर त्यामागे पैसा कशातून यावयाचा आहे, हे विचारावे. आणि कामावर असलेल्यांनी ध्यानात ठेवावे की, निवृत्ताच्या हाती संपाचे शस्त्र नसते; त्याची बाजू मांडणारे तेच आहेत.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. खाणी खणून सोडून दिलेली उजाड जमीन दुरुस्त करण्यासाठी अमेरिकन सरकार १९७७ पासून दर टन कोळशामागे काही सेंट वसूल करते. १९९२ च्या कायद्याने अनाथ निवृत्तांच्या औषधासाठी पैसा शोधला, तेव्हा त्याची नजर ह्याच निधीच्या व्याजावर गेली. फोडलेल्या डोंगरासाठी ठेवलेल्या पैशातून फोडणाऱ्याचे औषध आले. दोघांचीही झीज एकाच टनामागे झाली होती, आणि ती भरून काढण्याचा हिशेबही पुन्हा टनामागेच मांडावा लागला.